पिवळं आलं की थांबायचं

मी ज्या दवाखान्यात पहिली नोकरी केली तिथे माणसांना उलटी करवण्याची एक स्वतंत्र खोली होती. ऐकणारा इथेच नाक मुरडतो, म्हणून आधीच सांगून टाकते. शरीर आतून स्वच्छ करण्याचे जे पाच जुने उपचार आहेत, त्यांतला हा पहिला, वमन. आठवडाभर रोज सकाळी रोग्याला औषधी तूप पाजायचं, दर दिवशी थोडं वाढवत. मग अंगाला तेल, मग वाफ. आणि ठरल्या सकाळी गुडघ्याएवढ्या उंचीच्या खुर्चीवर बसवून ज्येष्ठमधाचा काढा गळ्याशी येईपर्यंत प्यायला लावायचा आणि मधात कालवलेलं औषध चाटवायचं. थोड्या वेळाने कपाळावर घाम येतो आणि एकेक वेग सुरू होतो. वेग म्हणजे उलटीचा एक पुरता जोर. आधी नुसता काढा पडतो, मग पांढरा चिकट कफ, आणि अगदी शेवटी पिवळं, कडू पित्त. पिवळं आलं की थांबायचं. त्याच्या पुढे गेलात तर शुद्धी राहते बाजूला आणि माणूसच रिकामा होतो.

हे वेग मोजण्याचं आणि पिवळं बघण्याचं काम मावशीचं होतं.

दवाखान्यात काम करणाऱ्या सगळ्याच बायकांना मावशी म्हणायची पद्धत असते, पण आमच्याकडे नुसतं ‘मावशी’ म्हटलं की ती एकच. ठेंगणी, रुंद हातांची, केस घट्ट बांधलेली. रोग्याच्या मागे उभी राहून ती उजवा तळवा त्याच्या कपाळावर ठेवायची आणि डाव्या हाताने पाठ खालून वर चोळायची. भांड्यात काय पडतंय ते नीट दिसायचं फक्त तिलाच. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून ती जिभेने दात मोजायची. एका वेगाला एक दात. हे मला तिनेच सांगितलं, मी हसले तर म्हणाली, “हसा. एक दाढ पडली तेव्हा महिनाभर माझे हाल झाले होते.”

दवाखाना ज्यांचा होता त्या मोठ्या वैद्यांचा नियम होता की मोजायचं एकानेच. दोघांनी मोजलं की दोन आकडे येतात आणि मग भांडण होतं, असं ते म्हणायचे. डॉक्टरने नाडी धरायची, चेहरा बघायचा आणि मावशीचा शब्द प्रमाण मानायचा. मी तिथे नवीन होते, पाच वर्षं पुस्तकं घासून आलेली, त्यामुळे चौथी शिकलेल्या बाईच्या शब्दावर उपचार थांबवायचा हे मला पहिले काही दिवस जड गेलं. मग सवय झाली. खरं सांगायचं तर फारच लवकर झाली.

एकविसाव्या वर्षी ती तिथे फरशी पुसायला लागली होती. तेव्हा वमनाच्या खोलीत एक पुरुष मदतनीस होता. एक दिवस रोग्याबरोबर त्यालाही उलटी झाली आणि तो जो गेला तो पगारालासुद्धा आला नाही. मोठे वैद्य तेव्हा तरुण होते. त्यांनी दारातल्या मुलीला विचारलं, “किळस येते का गं?” ती म्हणाली, “धाकट्या चार भावंडांचं सगळं मीच काढलंय.” त्यांनी फडकं खाली ठेवायला सांगितलं आणि रोग्याचं कपाळ तिच्या हातात दिलं. त्याला अठ्ठावीस वर्षं झाली होती. तेवढ्या वर्षांत किती जणांची डोकी त्या तळव्यात विसावून गेली असतील, कोण जाणे. भलेभले, रुबाबात आत येणारे, तिच्या हातात कपाळ दिलं की लहान मुलासारखे मुकाट व्हायचे.

तिचा नवरा कुलुपं दुरुस्त करायचा. बसथांब्यामागच्या जिन्याखाली त्याची टपरी होती, उभं राहिलं तर डोकं आपटेल एवढी. एकदा मोठ्या वैद्यांच्या कपाटाची किल्ली हरवली तेव्हा मावशीने त्याला बोलावून घेतलं. त्याने दोन मिनिटांत कपाट उघडून दिलं आणि वर म्हणाला, “कपाट तुमचं, किल्ली तुमची, हरवायचा मानही तुमचाच. मी फक्त मधला.” मावशी दारात उभी राहून ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही अभिमान होता की जणू ते वाक्य तिनेच त्याला पाठ करून पाठवलं होतं.

मग त्याच्या पोटात गाठ निघाली. मोठ्या इस्पितळाने तीन महिने तपासण्या केल्या आणि घरी न्या म्हणून सांगितलं. मावशी सकाळचं वमन उरकून घरी जायची. शेवटचे काही दिवस रजेवर होती. एका दुपारी तो गेला. मुलगी शिवणकारखान्यात कामाला, ती घरी पोचली तेव्हा सगळं संपलेलं होतं. जवळ मावशी एकटीच होती.

पंधराव्या दिवशी ती कामावर आली. कुणी काही बोलायच्या आत तिने पदर खोचला, भांडी विसळली, काढ्याचे पेले मांडले आणि विचारलं, “आज कितीजण आहेत?” एक होता. तिने त्याचं कपाळ धरलं, सात मोजले, पिवळ्याचा शब्द दिला. आवाज नेहमीचाच. त्याच्या पुढचा रोगीही तसाच पार पडला. सगळ्यांना वाटलं, बाई घट्ट आहे. काढेवाला, जो एरवी तिची थट्टा केल्याशिवाय चूल पेटवायचा नाही, तो आठ दिवस गप्प राहिला, मग हळूच एक टोमणा मारून बघितला. ती वेळेवर हसली. तेच वाईट होतं. हसायच्या जागी हसत होती, जेवायच्या वेळी जेवत होती. बाहेरच्या टेबलावरची बाई तिला रडवायचा चंग बांधून बसली होती, रोज जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवायची आणि स्वतःच डोळे पुसत परत जायची.

तिची मुलगी एकदा मला भेटायला आली. म्हणाली, “आई घरी सगळं करते, डॉक्टर. भिंतीकडे बघत बसली असती तर मला कळलं असतं काय करायचं. पण ती भाजी निवडते, मला डबा देते, झोपते. बाबांचं नाव काढलं तर ‘हो’ म्हणते. नुसतं हो.” मी तिला म्हटलं, वेळ द्यायला हवा. डॉक्टरकडे दुसरं काही नसलं की तो हेच देतो.

त्यानंतर चष्मेवाला आला. चष्म्यांचं दुकान असलेला हा चाळिशीतला माणूस, कोपरं आणि गुडघे अकरा वर्षं खपल्यांनी भरलेले, सगळे मलम करून थकलेला. तूप पिताना रोज तोंड वाकडं करायचा आणि म्हणायचा, “एवढं तूप माझ्या लग्नात सगळ्यांनी मिळून खाल्लं नव्हतं.” त्याचं वमन पहिल्यापासून शेवटपर्यंत माझ्यावर सोपवलेलं होतं. मला नोकरीला लागून सहाच महिने झाले होते, आणि मोठे वैद्य म्हणाले होते, वर्षभर बघू, मग कायम करायचं का ते ठरवू. औषध मी स्वतः वजन करून मधात कालवलं.

सकाळ चांगली सुरू झाली. घाम वेळेवर आला. मावशी म्हणाली, “एक.” मग दोन, तीन, चार. पाचव्याला त्याचं सगळं अंग हललं. मावशी म्हणाली, “पाच,” आणि थांबली. मी विचारलं, “पिवळं?”

ती म्हणाली, “अजून नाही.”

मग मी मिठाचं कोमट पाणी दिलं, दोन पेले. पित्त येत नसेल तर असंच करतात. सहा झाले. सात. आठव्याला मी पुन्हा विचारलं, ती पुन्हा नाही म्हणाली. मी आणखी पाणी दिलं. माझ्यापासून भांडं दोन पावलांवर होतं. मी वाकून बघितलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. मी बघितलं नाही. नियम होता हे एक. आणि दुसरं म्हणजे मला त्या वासाची अजून सवय झालेली नव्हती आणि माझ्याऐवजी कुणीतरी बघतंय याचं मला बरं वाटत होतं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

अकराव्या वेगानंतर माझ्या बोटांखालची नाडी दोऱ्याएवढी झाली. चष्मेवाला पुढे सरकला आणि मावशीच्या तळव्यातून त्याचं कपाळ निसटून भांड्याच्या कडेवर आपटलं. भांडं उलटलं. सगळं फरशीवर, त्यात कपाळाचं रक्त. आम्ही त्याला आडवा केला, पाय वर घेतले, गाडी बोलावली. मी गाडीपर्यंत जाऊन परत येईतो मावशीने फरशी लख्ख पुसून ठेवली होती. ती नेहमीच तशी पुसायची, त्यामुळे कुणालाच त्यात काही वाटलं नाही.

तो दोन दिवस मोठ्या इस्पितळात सलाइनवर होता. कपाळाला चार टाके पडले. जिवावरचं टळलं.

मोठ्या वैद्यांनी वमनाच्या नोंदींची वही पुढे घेतली. अकरा वेग, पित्त दिसलं नाही. त्यांनी मावशीला विचारलं, “पिवळं दिसलंच नाही?” ती म्हणाली, “नाही.” मग त्यांना वहीत आणखी बघायचं काही उरलं नाही. माझ्याकडे वळून म्हणाले, “तुझ्या औषधाची मात्रा चुकली. महिनाअखेरपर्यंत राहा, मग दुसरीकडे बघ. मी कुणाजवळ बोलणार नाही.” म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळणार होतं. आमच्या धंद्यात माणसं मोजकी, आणि जिच्या हातून रोगी दगावता दगावता वाचला तिला कुणी दारातही उभं करत नाही. मला राग यायला हवा होता. पण मी संध्याकाळी औषधाचा डबा काढून तेच वजन तीन वेळा करून बघितलं, आणि तिन्ही वेळा बरोबर आलं तरी माझंच काहीतरी चुकलं असणार अशी माझी खात्री होत गेली.

पुढचा आठवडा मी आणि मावशी त्याच खोलीत काम करत होतो. मी रोग्यांच्या नाड्या बघायचे, ती पेले मांडायची. वमन कुणाचंच ठेवलेलं नव्हतं. ती माझ्याशी नेहमीसारखं बोलायची, म्हणजे कामापुरतं. मी घरी कुणाला काही सांगितलं नव्हतं. सकाळी डबा घेऊन निघायचे, जेवणाच्या सुट्टीत उघडायचे, त्यातलं काय खाल्लं ते मला कळायचं नाही. दोन बधिर बायका एका खोलीत, असा तो आठवडा गेला.

आठव्या दिवशी चष्मेवाला टाके दाखवायला आला. मला वाटलं होतं भांडायला येईल. तो खुर्चीत बसला आणि बाही वर करून मला कोपर दाखवलं. खपल्या पातळ झाल्या होत्या. “डोकं फुटलं पण कातडी सुधारली,” तो म्हणाला. “एक विचारू का? ते कडू कधी येतं?”

“अगदी शेवटी,” मी म्हटलं.

“मग माझा शेवट लवकरच आला असणार. पाचव्या वेळीच तोंड असं कडू झालं, कानापर्यंत. मला वाटलं, सुटलो. तर तुम्ही पाण्याचा पेला पुढे केलात. म्हटलं, असेल यांची काही रीत.”

मी त्याच्या कपाळावरचं औषध बदललं, त्याला दारापर्यंत पोचवलं आणि तशीच वाफेच्या खोलीत गेले. मावशी वाफेची लाकडी पेटी आतून पुसत होती, अर्धी आत वाकून.

“मावशी,” मी म्हटलं, “चष्मेवाल्याला पाचव्यालाच पिवळं आलं होतं.”

ती पुसत राहिली. मग आतूनच म्हणाली, “हो.”

ती नाही म्हणेल म्हणून मी तयारीने गेले होते. “तुम्हाला दिसलं होतं?”

“दिसलं.”

“आणि तुम्ही नाही म्हणालात. दोनदा. माझी नोकरी जातेय, माहितीय ना तुम्हाला?”

“माहितीय.”

तेव्हा मला राग आला, आठवडाभराचा एकदम. मी तिला म्हटलं, घरी कुणी गेलं म्हणून दुसऱ्याचा जीव घ्यायची मुभा मिळत नाही. हे वाक्य मी विसरलेले नाही आणि त्याची मला आजही लाज वाटते. ती पेटीतून बाहेर आली. फडकं पिळून दोरीवर टाकलं, कोपरे ओढून सरळ केलं आणि म्हणाली, “चला.”

माझी नोकरी त्या दुपारी मला परत मिळाली, हे इथेच सांगते, कारण पुढे जे घडलं त्यात ते माझ्या लक्षातही राहिलं नाही. मोठे वैद्य एका म्हाताऱ्या रोग्याची जीभ बघत होते. मावशी तो बाहेर जाईपर्यंत दाराशी थांबली. मग आत जाऊन टेबलापासून जरा लांब उभी राहिली.

“त्या चष्मेवाल्याचं पिवळं पाचव्यालाच आलं होतं. मला दिसलं, मी बोलले नाही. डॉक्टरबाईंची मात्रा बरोबर होती.”

मोठ्या वैद्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. “का बोलली नाहीस?”

“शब्द निघाला नाही.”

“अगं, अठ्ठावीस वर्षं निघतोय. कामावर परत आल्यावरही दोघांना दिलास की.”

“त्यांचं सातव्याला, आठव्याला आलं. ह्याचं पाचव्याला आलं.”

आम्हाला काही कळेना. ती तशीच उभी होती, हात ओले, पदराला पुसलेही नव्हते. मग ती सांगायला लागली, आणि ज्या आवाजात ती ‘दोन’, ‘तीन’ म्हणायची त्याच आवाजात तिने सगळं सांगितलं.

“ह्यांना शेवटच्या दिवशी उलट्या लागल्या. दुपारी. मुलगी कामावर. मी मागे उभी राहिले, इथे राहते तशीच. कपाळ धरलं, पाठ चोळली. मोजत होते. मोजायचं म्हणून नाही, मोजलं जातंच. पाचव्याला पिवळं आलं आणि मग सगळं थांबलं. ते शांत पडून राहिले. मला बरं वाटलं. मी त्यांना म्हटलं, पिवळं आलं, झालं आता, मोकळे झालात.”

“अगं, पण तो आजारी माणूस,” मोठे वैद्य म्हणाले. “आपण इथे करवतो ते निराळं, आणि आजाराने होतं ते...”

“मला एवढंच येतं,” मावशी म्हणाली. “तुम्हीच शिकवलंत. पिवळं आलं की आत वाईट काही उरत नाही.”

मोठ्या वैद्यांनी टेबलावरची वही बंद केली आणि पुन्हा उघडली.

“शेजारी डॉक्टर आहेत, त्यांना हाक मारली असती तर आले असते. मी मारली नाही, कारण झालं होतं ना सगळं नीट. ह्यांनी पाणी मागितलं. मी म्हटलं, एवढ्यात नाही, उलटीनंतर तासभर पोटाला विसावा द्यायचा असतो, मग कोमट देते. त्यांनी पुन्हा मागितलं. मी म्हटलं, असं करू नये, तुम्हाला कळत नाही. मग ते गप्प झाले. मी भांडं धुवायला गेले. परत आले तेव्हा गेले होते.”

बाहेर कुणीतरी खुर्ची सरकवली. मावशी पुढे म्हणाली, “त्या सकाळी चष्मेवाल्याचं पाचव्याला पिवळं दिसलं आणि वाटलं, आता मी शब्द दिला की हाही जाणार. नाही म्हटलं तर चालू राहील. चालू आहे तोवर माणूस आहे.” मग तिने माझ्याकडे बघितलं. “तुमचं नुकसान झालं, डॉक्टरबाई. मला ते कळत होतं. पण कळून काही होत नव्हतं.”

मी म्हटलं, असू दे.

“माझं घरी चुकलं का?” तिने विचारलं. मला नाही, मोठ्या वैद्यांना. विचारताना तिचा आवाज पहिल्यांदा जरा हलला, आणि ती उत्तराची वाट बघत उभी राहिली.

मोठे वैद्य उठले, टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आले आणि तिला खुर्चीत बसवलं. म्हणाले, ती गाठ इतकी पसरली होती की त्या दुपारी डॉक्टर आले असते, मोठं इस्पितळ आलं असतं, तरी काही झालं नसतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मीही तेच म्हटलं. तिच्या नवऱ्याचे कागद मी पाहिलेले होते. त्याला कुणीच वाचवू शकलं नसतं, असं आम्ही दोघांनी तिला परत परत सांगितलं, आणि ते अगदी खरं होतं. पाण्याबद्दल मात्र आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही.